नावं भिजू नयेत

सकाळी सहाला निघतो मी.
लॅबमधली नवी पोरगी, पुण्याची, हसते,
"काकू, निघते म्हणा."
म्हटलं, कोल्हापुरात बाई निघतो म्हणूनच निघते,
त्यात हा जुलै.

सीटला दुधाची पालथी पिशवी.
कॅरिअरला बर्फाचा डबा,
डब्याला युरियाच्या पोत्याची खोळ,
खोळीला जुन्या ट्यूबचे तीन वेढे.
मी भिजलो तर भिजलो.
आत रक्ताच्या नळ्या असतात
आणि नळीवर नाव, साध्या पेनानं लिहिलेलं.

रेनकोटची टोपी मी घेत नाही.
तिनं कान झाकतात,
आणि मागून येणारी केएमटी
कानानंच दिसते.
नवऱ्याची जुनी कॅप घालतो, पुढं छज्जा असलेली,
डोळ्यांपुरतं छप्पर.

गंगावेशीत इलाही मिस्त्रीनं
ब्रेकचे गट्टे बदलताना सांगितलेलं,
"ओल्यात दोनदा दाबायचा, ताई.
पयला रिमचं पाणी पुसायला,
दुसरा थांबायला.
आन् पांढऱ्या पट्ट्यांवर वळू नगंस,
रंगाचा साबण हुतो पावसात."
पैसे गट्ट्यांचे घेतले.
दोनदा दाबायचे घेतले नाहीत.

आज रस्त्यात कुणी "काय, बरं हाय?" विचारत नाही.
"किती फूट?" विचारतात.
"एकोणचाळीसला टेकलं," मी सांगतो
आणि पेडल मारतो.

जामदार क्लबच्या अलीकडं पाणी,
तपकिरी, सपाट, शहाण्यासारखं पडून राहिलेलं.
उतरलो.
तळ दिसत नाही तिथं मी चाक घालत नाही,
पाय घालतो. पायाला बोटं आहेत.

शेजारून गियरच्या सायकलवर
एक दप्तरवाला, सुसाट.
"आरं ए! झाकण न्हाई तिथं!"
माझा असला आवाज मीच कधी ऐकला नव्हता.
त्यानं कच्चकन दाबला ब्रेक. एकदाच.
सायकल आडवी झाली, तो कसाबसा उभा.
पुढं दोन हातांवर
पाणी गोल गोल फिरत होतं.

माझ्यामागून, भिंत धरत,
दोघं पार झालो.
आभार वगैरे काही नाही.
म्हणाला, "काकू, चेन पडलीया तुमची."

चेन बसवली. हात काळे.

हिराक्का चौगुलेंच्या मोरीत
धुण्याच्या सोड्यानं घासले ते,
बोटन् बोट पुसलं,
काखेत धरून ऊब आणली.
गार हाताला शीर दाद देत नाही,
त्यात ऐंशीच्या बाईची,
उसवलेल्या दोऱ्यागत, इथं आहे म्हणेपर्यंत तिथं.
सापडली पहिल्या टोचणीत.
"एवढ्या पावसात कशाला आलीस?" हिराक्का म्हणाल्या,
"मी काय पळून चाललोय?"

लॅबवर आलो. पोतं वरून निथळतंय,
आत डबा कोरडा ठणठणीत.
तीन वेढ्यांतून थेंब शिरला नव्हता.
झाकण उघडलं, वाकलो,
आणि माझ्याच बाहीतनं ओघळून
टप्पकन्
नावावर.
चौगुले होतं.
आता चौ, आणि पुढं सगळं निळं.

नळ्या सहा. पाच नावं धड.
सहावी कुणाची
हे शेंबडं पोरगंही सांगेल.
पण हिशेबानं रक्त ओळखायचं नाही,
हे मीच हिला शिकवलेलं, पहिल्या दिवशी,
जरा टेचातच.

पोरगी बघत राहिली माझ्याकडं.
नवी सुई घेतली, नवी नळी,
खिशात या वेळी पेन्सिल.
बाह्या पिळल्या, कोपराच्या वर सारल्या,
पुन्हा खोळ, पुन्हा तीन वेढे.
"जाऊन येतो," म्हटलं.

हसली नाही ती.
खुंटीवरचा टॉवेल काढून दिला,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
"घेऊन जावा," म्हणाली.